थाळीला दचकलं म्हणजे ऐकू येतं?

बाळाच्या मागे थाळी वाजवायची. दचकलं की कान ठणठणीत, असा घराघरांतला समज. पण थाळीचा दणका केवढा! मध्यम बहिरेपण असलेलं बाळही त्याला दचकतं, कधी तर नुसत्या हलत्या सावलीला. बोलण्यातले ‘स’, ‘फ’ त्यामानाने फारच बारीक.

खरी तपासणी म्हणजे ओएई (ओटोअकॉस्टिक एमिशन) ही कानाची चाचणी. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून बारीक आवाज सोडतात, आतल्या कानातून उलटणारा क्षीण ध्वनी यंत्र टिपतं. दुखत नाही. १ महिन्याच्या आत चाचणी, ३ पर्यंत निदान, ६ पर्यंत श्रवणयंत्र वा थेरपी, असा जगभरचा दंडक. भाषा मेंदूत तेव्हाच रुजत असते. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणत दोन वर्षं घालवली, तर नेमका तोच काळ हातचा जातो.

पहिल्यांदा ‘रेफर’ (म्हणजे ‘पास’ नाही, पुढे तपासा) आलं तर लगेच रडारड नको. कानात जन्मावेळचा चिकटा असला तरी तसं येतं. चाचणी पुन्हा करतात.