फूड प्लॉट

फूड प्लॉट : वन्य प्राण्यांनी, विशेषतः हरणांनी येऊन चरावे एवढ्याच हेतूने पेरलेला, कापणी न करायचा जमिनीचा तुकडा. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि काही प्रमाणात कॅनडात रूढ आहे. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या (ओडोकॉयलियस व्हर्जिनिअ‍ॅनस) शिकारीशी ती घट्ट जोडलेली आहे. मराठीत यासाठी रूढ संज्ञा नाही. ‘चराऊ रान’ म्हटले तर ते गुरांचे होते आणि ‘आमिष’ म्हटले तर कायद्याच्या दृष्टीने चूक ठरते. म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘चारापट्टा’ हा शब्द वापरला आहे. घरातील लहान मुलामुलींच्या पहिल्या शिकारीसाठी असा पट्टा तयार करणे ही अमेरिकी ग्रामीण कुटुंबांतील अलीकडची, पण वेगाने रुळलेली चाल असून नोंदीचा भर तिच्यावर आहे.

उगम : या प्रथेचे मूळ कोठे शोधावे याबद्दल एकमत नाही. एक मत तिची परंपरा यूरोपियनांच्या आगमनापूर्वीच्या मूलनिवासी समाजांपर्यंत नेते. न्यू इंग्लंडमधील मूलनिवासी वर्षातून एकदोनदा रान पेटवतात, असे विल्यम वुड (१६३४) आणि टॉमस मॉर्टन (१६३७) या इंग्रज वसाहतकऱ्यांनी नोंदवले आहे. जळालेल्या जागी कोवळी पालवी फुटते आणि तिच्यासाठी हरणे येतात, हे कोणत्याही गुराख्याला सांगावे लागत नाही. विल्यम क्रोनन या इतिहासकाराने १९८३ मध्ये यावरून असे मांडले, की हे समाज शिकारीचे प्राणी नुसते शोधत नव्हते, तर एका अर्थाने त्यांची ‘पैदास’ करत होते. त्याच वर्षी एमिली रसेल यांनी उपलब्ध वर्णने तपासून वेगळा निष्कर्ष काढला. आगी लावल्या जात असाव्यात, पण त्या बहुधा वस्त्यांच्या आसपासच्या होत्या. सबंध ईशान्येकडील वने नियमित पेटवली जात होती, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा धागा शेताचाच आहे. ओल्गा लिनारेस या पुरातत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये पनामातील उत्खननांतील हाडांच्या आधारे ‘बागेतील शिकार’ ही संकल्पना मांडली. पिकावर येणारा प्राणी हे नुकसान असते, तसेच ते घराजवळ चालून आलेले मांसही असते. शेतकरी पिकाचा काही वाटा जणू सोडून देतो आणि त्याची भरपाई शिकारीतून करून घेतो. मात्र येथे पीक माणसासाठी असते, प्राण्यासाठी नव्हे. हा फरक लहान नाही.

तिसरे मत यूरोपकडे बोट दाखवते. मध्ययुगीन इंग्लंडमधील सरदारांच्या मृगवनांत हरणांसाठी गवताळ मोकळवने राखत आणि हिवाळ्यात वाळले गवत व तोडलेल्या फांद्या टाकत. जर्मन भाषक प्रदेशात ‘विल्डआकर’, म्हणजे वन्य प्राण्यांसाठी पेरलेले शेत, ही संज्ञा आजही चालू आहे. रचनेच्या दृष्टीने अमेरिकी चारापट्टा विल्डआकरच्या सर्वांत जवळचा वाटतो. परंतु तो तेथून आणला गेला असे दाखवणारा सलग दुवा मिळत नाही, आणि साधर्म्यावरून वंशावळ जुळवण्याचा मोह येथे टाळलेला बरा.

तुलनेने भक्कम आधार आहे तो विसाव्या शतकातील वन्यजीव व्यवस्थापनाचा. आल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वन्यजीवतज्ज्ञांनी ‘गेम मॅनेजमेंट’ (१९३३) या पाठ्यपुस्तकात म्हटले, की ज्या साधनांनी शिकारीचे प्राणी संपवले त्याच साधनांच्या कल्पक वापराने ते परत आणता येतील. ती साधने म्हणजे कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक. नांगर या यादीत आला तो प्रामुख्याने लाव्यासारख्या पक्ष्यांच्या संदर्भात. शेताच्या कडेला धान्याचा तुकडा उभा ठेवण्याची शिफारस त्या काळात पक्ष्यांसाठीच अधिक होत असे. हरणांचा प्रश्न तेव्हा वेगळा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी देशभरात पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली असावीत, असा अंदाज आहे. बेकायदा मारलेल्या वन्य प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घालणारा १९०० चा लेसी कायदा, बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांकडे वळवणारा १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आणि हरणांचे पुनर्वसन यांनंतर ही संख्या वाढत गेली. आज ती तीन कोटींच्या घरात मानली जाते. विशेष म्हणजे लिओपोल्ड १९३५ मध्ये जर्मनीत जाऊन आले आणि तेथील चारा घालून पोसलेल्या हरणांविषयी त्यांनी नाराजीच नोंदवली. नांगराचे नाव घेणारा माणूस त्याच्या अतिरेकाबद्दल साशंक होता, हे चारापट्ट्यांच्या जाहिरातींत सहसा येत नाही.

आजच्या स्वरूपातील हरणांचा चारापट्टा १९७५ नंतरचा मानणे अधिक सुरक्षित ठरते. त्या वर्षी टेक्ससमधील अल ब्रदर्स आणि मर्फी रे या जीवशास्त्रज्ञांनी हरणांच्या ‘दर्जा’ला महत्त्व देणारे व्यवस्थापन मांडले. १९८८ मध्ये दक्षिण कॅरोलायनात जो हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने क्वालिटी डिअर मॅनेजमेंट असोसिएशन स्थापन झाली (२०२० मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत मिसळून नॅशनल डिअर असोसिएशन झाली). त्याच सुमारास केवळ हरणांसाठी निवडलेले क्लोव्हर या द्विदल चारापिकाचे बियाणे बाजारात आले आणि चारापट्टा हा शिकारी दुकानांतील एक स्वतंत्र विभाग बनला.

कायदा : चारापट्टा आणि आमिष यांतील सीमा जीवशास्त्राने नव्हे, कायद्याने आखलेली आहे. ओतलेला मका हे आमिष. जमिनीत उगवलेला व जागेवरच उभा असलेला मका हे पीक. हरणाला हा भेद कळण्याचे कारण नाही. हरणांपुरते नियम राज्यागणिक बदलतात : टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मका टाकून शिकार करता येते, तर मिशिगनच्या दक्षिण द्वीपकल्पात २०१९ मध्ये आमिषावर बंदी आली. पेरलेल्या पट्ट्यावर मात्र आमिषबंदी असलेल्या राज्यांतही बहुधा शिकार करू देतात. बंदीमागील मोठे कारण म्हणजे प्रायॉन नामक विकृत प्रथिनांमुळे होणारा, हरणांच्या मेंदूला पोखरून त्यांना खंगवत नेणारा जीर्ण विकार (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज). तो १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे मिसिसिपीच्या पूर्वेस, पोचला. एका ढिगाऱ्यावर अनेक तोंडे एकत्र आली की लाळेतून प्रसार वाढतो आणि पट्ट्यावर हरणे विखरून चरतात, असा सवलतीमागचा युक्तिवाद आहे. तो ग्राह्य असला तरी पुरता निर्धोक नाही. गवत वर्गातील रोपे मातीतील प्रायॉन शोषून पानांपर्यंत नेऊ शकतात, असे २०१५ मधील प्रयोगांत दिसले आहे.

जमीन व पिके : हरीण गाईसारखे गवत ओरबाडत नाही. आर. आर. होफमान यांच्या १९८९ च्या वर्गीकरणानुसार ते ‘निवडून खाणाऱ्या’ रवंथ्यांत मोडते. त्यामुळे नुसते गवत वाढवून उपयोग नसतो. रुंद पानांची, कोवळी, प्रथिनयुक्त पिके लागतात. सर्वाधिक पेरले जाते ते पांढरे क्लोव्हर. आपल्याकडील बरसीम हे त्याच्याच वंशातील (ट्रायफोलियम) पीक आहे. याखेरीज लसूणघास, चिकोरी, चवळी, सोयाबीन, ओट, गहू, राय आणि मोहरी कुलातील सलगम, मुळा, केल इत्यादी पिके घेतात.

पहिले काम माती परीक्षणाचे. जंगलाच्या कडेची माती अनेकदा आम्लधर्मी असते आणि क्लोव्हरला सामू ६ ते ७ लागतो. चुनखडीची भुकटी मातीत मुरून सामू बदलण्यास काही महिने लागतात, म्हणून चुना पेरणीच्या बराच आधी टाकतात. खतावर खर्च करून चुना टाळणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते. आम्ल मातीत ते खत पिकाला पुरते मिळतच नाही. क्लोव्हरच्या बियाण्याला योग्य रायझोबियम जिवाणू चोळावे लागतात. बी अतिशय बारीक असते. ते अर्ध्या सेंमी.पेक्षा फार खोल गेले तर नीट उगवत नाही, ओट मात्र २ ते ३ सेंमी. खोल चालतो. म्हणून दोन्ही एकत्र पेरायचे तर आधी ओट टाकून हलके झाकतात, मग क्लोव्हर फेकून वर रूळ फिरवतात. थंड प्रदेशांत हिवाळ्याच्या अखेरीस गोठणाऱ्या व वितळणाऱ्या जमिनीवर क्लोव्हर नुसते फेकण्याचीही पद्धत आहे. भेगाळणारी माती बी आपोआप आत घेते.

मोहरी कुलातील पिकांना हरणे सुरुवातीला फारसे तोंड लावत नाहीत आणि कडाक्याची थंडी पडल्यावर तीच पिके फस्त करतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. थंडीने पानांतील शर्करा वाढते, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण होय. परिसरातील इतर अन्न संपणे हेही तितकेच कारण असावे.

मुलांसाठीचा पट्टा : अमेरिकेत १६ वर्षांवरील शिकाऱ्यांची संख्या १९९१ मध्ये १ कोटी ४१ लाख होती, २०१६ मध्ये ती १ कोटी १५ लाखांवर आली. परवान्यांच्या शुल्कावर आणि बंदुकांवरील करावर वन्यजीव खाती चालत असल्याने ही घट खात्यांनाही झोंबली. २००४ मध्ये शिकार संघटनांनी ‘फॅमिलीज अफील्ड’ ही मोहीम सुरू करून वयाच्या अटी सैल करण्याचा आग्रह धरला. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये मार्गदर्शकासह होणाऱ्या शिकारीसाठी किमान वयाची अटच काढली. मात्र मोठे माणूस हाताच्या अंतरावर असले पाहिजे, हे बंधन राहिले. अनेक राज्यांत मुख्य हंगामाआधी एखादा शनिवार-रविवार केवळ मुलांसाठी राखलेला असतो.

पट्ट्यातील पीक ठरते ते या तारखेवरून. विस्कॉन्सिनप्रमाणे मुलांचा हंगाम ऑक्टोबरच्या आरंभी असेल, तर सलगम कुचकामी. थंडी पडलेलीच नसते. तेव्हा ऑगस्टच्या उत्तरार्धात पेरलेला, वीतभर उंचीचा कोवळा ओट आणि जुने क्लोव्हर हेच कामाला येते. याच दिवसांत ओक वृक्षांची फळे गळतात. फळे भरपूर आलेल्या वर्षी हरणे रानातच राहतात आणि उत्तम पट्टाही ओस पडतो. वर्षभर राबलेल्या मुलाला हे समजावणे आजोबांच्या वाट्याला येते.

आकार पाव ते अर्धा एकर पुरतो. नुसते पोषण हेतू असेल तर एकर-दोन एकरांचे पट्टे करतात. पण मुलासाठी पट्टा अरुंद ठेवून मध्ये कंबर आवळल्यासारखा किंवा काटकोनात वळवलेला असावा. हरीण वळणाशी थबकते, तेच ठिकाण लपणीपासून, म्हणजे शिकाऱ्याच्या लपण्याच्या आडोशापासून, ४५ ते ७० मी.वर येईल असे आखतात. हरणाच्या खांद्यामागील हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम वीतभर असतो. चरणारे हरीण आडवे आणि निवांत उभे राहते, नेम स्थिर करायला वेळ मिळतो, अंतर आधीच खुंट्या ठोकून मोजलेले असते आणि गोळी चुकली तर ती मागच्या मातीच्या चढात जाईल हे पेरणीच्या वेळीच पाहता येते. म्हणजे नेमाचा बराचसा भाग बंदूक हाती घेण्यापूर्वी, नांगर कोठून फिरवला यातच ठरून जातो. अचूक नेमाच्या सरावाला हा पर्याय नव्हे, हे अर्थातच.

लपणी (ब्लाइंड) उंच मचाणाऐवजी जमिनीवरची, चारी बाजूंनी बंद असते. मूल चुळबुळ करते आणि हरणाची नजर हालचाल चटकन टिपते. लपणी हंगामाच्या काही आठवडे आधी उभारतात, म्हणजे हरणे तिला सरावतात. वाऱ्याची दिशा सर्वांत महत्त्वाची. मध्यपश्चिमेत थंड हवेबरोबर वायव्येचा वारा येतो, म्हणून लपणी बहुधा पट्ट्याच्या आग्नेयेस असते. तिच्यापर्यंतची वाट मका किंवा ज्वारीवर्गीय पिकाच्या दाट ओळींनी झाकतात. बंदूक कमी धक्क्याची, बहुधा .२४३ विंचेस्टर या १९५५ पासूनच्या काडतुसाची, तिकाटण्यावर टेकवलेली.

मुलांकडे सोपवायची कामेही ठरलेली आहेत : दहाबारा ठिकाणची माती बादलीत गोळा करणे, गळ्यात अडकवलेल्या हातयंत्राने बी फेकणे, तारेचा गोल पिंजरा रोवणे. पिंजऱ्यातील पीक गुडघ्याएवढे आणि बाहेरचे बोटभर, हे पाहून हरणे किती खातात ते मुलाला न सांगता कळते. तणनाशक फवारणी आणि ट्रॅक्टर ही कामे मोठ्यांची.

मांसाबाबत एक सावधगिरी सांगितली जाते. शिशाची गोळी आत फुटून बारीक कण मांसात पसरतात. नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने २००८ मध्ये गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुलांनी असे मांस खाऊ नये असा सल्ला दिला; तांब्याच्या गोळ्यांचा वापर त्यानंतर वाढला.

या पद्धतीवर आक्षेप शिकाऱ्यांतूनच येतो. पट्ट्यावर मूल नेम धरायला शिकते, शिकार करायला नव्हे. माग, विष्ठा, खुरांच्या खुणा वाचणे मागे पडते, असे जुन्या मंडळींचे म्हणणे. समर्थकांच्या मते जखमी होऊन निसटलेले पहिले हरीण मुलाला कायमचे दूर लोटते, तेव्हा सोपी सुरुवात बरी. दोहोंत दुसऱ्या मताकडे वन्यजीव खात्यांचा कल दिसतो.

भारत : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणांच्या शिकारीस बंदी असल्याने येथे या प्रथेला जागा नाही. येथील शेतकऱ्याचा प्रश्न नेमका उलटा आहे. विदर्भात रोही आणि रानडुकरे पिकात येऊ नयेत म्हणून माळ्यावर रात्र काढावी लागते. तृणभक्षकांसाठी मुद्दाम चारा वाढवण्याचे उदाहरण मिळते ते व्याघ्र प्रकल्पांतील कुरण विकासाचे. मेळघाटातून पुनर्वसित झालेल्या बोरी, कोहा, कुंड या गावांच्या जुन्या शेतजमिनींवर आता गवताची कुरणे आहेत. तेथे चितळ आणि सांबर चरतात, आणि त्यांच्यामागे येणारा शिकारी वाघ असतो.