छोटे धक्के बसले की मोठा भूकंप टळतो?

कोयनेच्या खोऱ्यात मांडणीवरची भांडी खणखणली की कुणीतरी म्हणतंच, ‘बरं झालं, जमिनीतली वाफ निघाली, आता मोठा येत नाही.’ दिलासा चांगला, पण हिशेब बसत नाही. तीव्रता एक अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ११ डिसेंबर १९६७चा भूकंप ६.३चा मानला, तर तेवढी ऊर्जा मोकळी करायला ३.३चे तीस हजारांहून जास्त धक्के लागतील!

मुळात कुकरच्या शिट्टीची उपमाच फसवी. प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचा दंडगोल यंत्रात दाबत नेला की आत बारीक भेगा पडतात, त्यांची कटकट संवेदक टिपतात. दगड फुटायच्या आधी ती कटकट सहसा वाढत जाते. म्हणजे बारीक भेगा पडल्या म्हणून मोठी फूट टळत नाही.

जमिनीतला ताण मोजायला खालीच उतरावं लागतं. कोयनेजवळ गोठण्याला ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं. वर सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण, खाली ग्रॅनाइट. अशा छिद्राचा छोटा टप्पा दोन्हीकडून बंद करून पाणी दाबाने भरतात. खडक किती दाबाला आणि कोणत्या दिशेने तडकतो, त्यावरून ताण कळतो. छोट्या धक्क्यांच्या नोंदींतूनही ताणाची दिशा काढता येते. कामाचे आहेत ते, पण एवढ्यापुरतेच.