हळदीतील कर्क्युमिन आणि चीनमधील इकॅरिटिन: यकृताच्या कर्करोगाबाबत फरक कोणता?

हळदीतील कर्क्युमिन यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मारते हे विधान खोटे नाही, पण ते प्रयोगशाळेतील तबकडीत वाढवलेल्या पेशींपुरते खरे आहे. एपिमेडियम या वनस्पतीतील घटकांपासून तयार होणाऱ्या इकॅरिटिनला मात्र चीनने जानेवारी २०२२ मध्ये याच कर्करोगासाठी सशर्त मान्यता दिली. दोन्हींचे मूळ वनस्पतीत असले, तरी त्यांच्यामागचा पुरावा एका तोलाचा नाही.

कर्क्युमिनची खरी अडचण शोषणाची आहे. आतड्यातून ते फार थोडे शोषले जाते आणि जे रक्तात उतरते त्याचे यकृतच झपाट्याने रूपांतर करते. त्यामुळे दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन झालेल्या चाचणीतही रक्तातील पातळी अगदी कमी राहिली. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरले, तर ८ ग्रॅमसाठी पाव किलोहून अधिक हळद लागेल. शोषण वाढावे म्हणून अनेक कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पिपेरिन घालतात. हळदीच्या अशा पूरक गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहेत. रोजच्या आमटी-भाजीतील हळदीबद्दल ही चिंता नाही.

इकॅरिटिनची चाचणी शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांवर, ठरलेल्या मात्रेत झाली, आणि आयुष्य वाढल्याचे दिसले ते रक्तातील विशिष्ट खुणांवरून निवडलेल्या गटात. तुलनाही सोराफेनिब या यकृताच्या कर्करोगावरील प्रस्थापित औषधाशी नव्हे, तर हुआचानसू या चिनी पारंपरिक औषधाशी होती, म्हणून माझ्या मते हा पुरावा आशादायक असला तरी मर्यादित आहे. शिवाय एपिमेडियमच्या पाल्याचा काढा म्हणजे हे औषध नव्हे, कारण पाल्यातील मूळ घटकांवर प्रक्रिया करून ते मिळवावे लागते.

या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांना आधीच सिरोसिस (यकृत व्रणांमुळे कडक होऊन निकामी होत जाणे) असतो, त्यामुळे ‘घेऊन तर बघू, अपाय तर नाही ना’ हा विचार येथे सर्वांत धोक्याचा आहे. कोविडच्या काळात मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले होते. घरी चालू असलेला प्रत्येक काढा, चूर्ण आणि गोळी उपचार सुरू होण्याआधी कर्करोगतज्ज्ञांना दाखवावी.