जीवधन आणि नाणेघाट

जीवधन हा पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील गिरिदुर्ग. सह्याद्रीच्या ऐन धारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७५० फूट उंचीवर तो उभा आहे. पायथ्याचे गाव घाटघर, जुन्नरहून चावंडमार्गे साधारण ३० किमी. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल ज्या वाटेने जुन्नरच्या बाजारात चढत असे, त्या नाणेघाटाची राखण हे या किल्ल्याचे काम. म्हणून घाट न पाहता नुसता किल्ला पाहिला तर अर्धेच कळते.

घाटाची जुनी वाट मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाजवळून सुटते. चढायला अडीच ते तीन तास लागतात. वाटेत जागोजागी दगडी फरसबंदी आणि खोदीव पायऱ्या आहेत. माथ्याच्या थोडे खाली सातवाहनकालीन लेणे लागते. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ही जंत्रीच आहे. एका ठिकाणी दक्षिणेचा आकडा २४,४०० कार्षापणे असा येतो. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा ठरला तो या हिशेबामुळे. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, सातकर्णी व नागनिका, कुमार (राजपुत्र), महारठी (सरदार) यांच्या प्रतिमा होत्या. आता वरची नावे आणि खाली पावलांच्या खुणा एवढेच उरले आहे. अक्षरे झिजली आहेत. तिरप्या उजेडात ती बरी दिसतात. लेण्यात चूल पेटवू नये, काजळी थेट लेखावर बसते.

खिंड चढून वर आले की मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सर्वत्र सांगतात. लेण्यातल्या लेखात मात्र जकातीचा विषय नाही. शेजारचा सुळक्यासारखा कडा म्हणजे नानाचा अंगठा. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा इथले पाणी उलटे वर उडवतो. ते पाहायला होणाऱ्या गर्दीत ओल्या कड्याच्या टोकाशी जाणे हा इथला सर्वांत मोठा धोका आहे.

जीवधनला दोन वाटा. पश्चिमेची नाणेघाटाकडून, पठार ओलांडून दाट रानातून कल्याण दरवाजाकडे जाते. रानात गुरांच्या वाटा फार. नेमके इथेच लोक चुकतात, त्यामुळे घाटघरचा वाटाड्या घेतलेला बरा. शेवटी खोबण्या असलेला खडकाचा टप्पा येतो. कोरड्या हवेत तो जमतो, पावसात दोर लागतोच. दुसरी वाट घाटघरकडून जुन्नर दरवाजाने. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे इथेही तुटक्या जागी हातापायांनी चढावे लागते. उतरताना तोंड खडकाकडे ठेवावे. माथ्यावर टाकी आहेत, पण उन्हाळ्यात त्यांच्यावर विसंबू नये. माणशी तीन लिटर पाणी सोबत असावे.

वर पाहण्यासारखी खरी वास्तू म्हणजे धान्यकोठी. दारावर गजलक्ष्मी आणि आत एकामागे एक अंधारे दालन, तेव्हा विजेरी हवीच. आतली राख १८१८ च्या लढाईत जळालेल्या धान्याची, असे म्हणतात. कल्याण दरवाजा कातळात कोरलेला आहे. जवळच जीवाई देवीचे पडके ठाणे आणि कड्याला लागून वानरलिंगी हा सुमारे ३५० फुटी सुळका. तो प्रस्तरारोहणाची साधने व सराव असलेल्यांसाठीच. निजामशाहीच्या अखेरीस बालराजा मुर्तजा याच किल्ल्यावर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवून पेमगिरीला गादीवर बसवले.

परिसर दोन दिवसांत होतो. पहिल्या दिवशी नाणेघाट आणि जीवधन, मुक्काम घाटघरला. दुसऱ्या दिवशी जुन्नरकडे परतताना पूर येथील कुकडेश्वराचे कोरीव मंदिर, मग सात टाक्यांचा चावंड किल्ला. वेळ उरला तर लेण्याद्री. तिथे गणपती सातव्या लेण्यात आहे. शिवनेरी मात्र घाईत उरकण्याजोगा नाही. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, जीवधन नाही. त्यामुळे गर्दी तिकडे आणि इकडे वाट मोकळी.