अतिसारकारक जीवाणूंमधील प्रतिजैविकरोध

जुलाब, हगवण किंवा पटकी आणणाऱ्या जीवाणूंवर एकेकाळी लागू पडणारे प्रतिजैविक पुढे निकामी ठरणे, यास प्रतिजैविकरोध म्हणतात. शिगेला, व्हिब्रिओ कॉलरी, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर आणि ई. कोलायचे काही प्रकार हे यातले प्रमुख जीवाणू.

या रोधाची पैदास मुख्यतः आतड्यात होते. तिथे निरुपद्रवी जीवाणूंचीही दाट वस्ती असते. गोळीने त्यातले दुबळे मरतात. जे तग धरतात ते आपली रोधक जनुके प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांवरून, शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देतात. 1950 च्या दशकात जपानमध्ये एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे शिगेला सापडले आणि त्यांच्या अभ्यासातून ही देवघेव उघड झाली. कॅम्पायलोबॅक्टरला तेवढाही खटाटोप लागत नाही: त्याच्या जायरेज या विकरात एकच बदल झाला की सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक निष्प्रभ होऊ शकते. त्यामुळे गरज पडल्यास त्यावर अझिथ्रोमायसिन देतात.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते तो आजार; कधी कधी तो अशा जुलाबानंतर उद्भवतो) रुग्ण वाढले, तेव्हा काही मलनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आढळला आणि हे नाव घरोघरी पोहोचले. काही नमुन्यांत नोरोव्हायरसही होता. गुलेन बॅरी औषधरोधामुळे होत नाही. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र दोन्हींच्या मुळाशी आहे, कारण रोधक जीवाणूही सांडपाण्यातूनच नळापर्यंत पोहोचतो.

मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडाझोल ही प्रतिजैविकाची गोळी आणायची, दोन गोळ्यांत बरे वाटते, असा अनेकांचा अनुभव. तो फसवा आहे: विषाणूंमुळे होणारे जुलाब बहुधा आपोआपच थांबतात, श्रेय गोळीला मिळते. लहान मुलांतल्या रोटाव्हायरसवर तर लस आहे. प्रतिजैविके चिठ्ठीवरच द्यायची असतात. 2014 पासून शेड्यूल एच-1 मधील (काही प्रतिजैविकांसह कडक नियंत्रणाखालील औषधांच्या सरकारी यादीतील) औषधांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. नियम पुरेसा आहे, पाळणूक नाही.

बहुतेक जुलाबांवर ओआरएस आणि मुलांना जोडीला झिंक हाच उपचार. शौचात रक्त पडणे, पटकीचा तीव्र झटका अशा वेळी प्रतिजैविक लागते. कोणते चालेल, हे मलाच्या कल्चर तपासणीतून, म्हणजे नमुन्यातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून, कळते. मात्र त्यासाठी नमुना शक्यतो पहिल्या गोळीआधी द्यावा, नंतर दिलेल्या नमुन्यात जीवाणू वाढण्याची शक्यता घटते.