कुटुंब निवारा

शहरातील बेघर कुटुंबांना आईबाप आणि मुले यांची ताटातूट न होता एकत्र राहता यावे, यासाठी महापालिका वा नगरपरिषद, किंवा तिच्या वतीने एखादी स्वयंसेवी संस्था चालवते ते निवासकेंद्र. पुरुषांचा रात्र निवारा, महिलांचा निवारा आणि वृद्ध-आजारी-निराधारांसाठीचा विशेष निवारा हे याचे इतर प्रकार. एकट्या माणसाचे रात्रीपुरत्या खाटेवर भागते. कुटुंब मात्र गोधड्या, भांडीकुंडी, शाळेची दप्तरे आणि पाण्याचा ड्रम घेऊन येते, आणि सकाळी उठून कुठे जायचे हा त्याचा प्रश्न रात्रीच्या झोपेने सुटत नाही.

बेघर म्हटले की फलाटावर मुटकुळे करून झोपलेला एकटा पुरुष आठवतो. जनगणना वेगळे सांगते. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक फुटपाथ, उड्डाणपुलांखालच्या जागा, रेल्वे फलाट, देवळांचे मंडप, अगदी सिमेंटचे मोठे पाइपही धुंडाळत फिरले. देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर माणसे मोजली गेली आणि त्यांची कुटुंबे भरली सुमारे ४.५ लाख, म्हणजे एका बिऱ्हाडात जवळजवळ चार माणसे. महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख बेघर आढळले. उत्तर प्रदेशाखालोखाल हा आकडा सर्वांत मोठा होता. मुंबईत त्यांची संख्या ५७ हजारांच्या आसपास नोंदली गेली. एका रात्रीच्या मोजणीत त्याच आठवड्यात हुसकावले गेलेले लोक निसटतात, तेव्हा हे आकडे किमान समजावेत.

निवाऱ्यांचा आजचा आराखडा न्यायालयातून आला. अन्नाच्या हक्कासंबंधी २००१ पासून चाललेल्या याचिकेत, दिल्लीतला एक रात्र निवारा ऐन थंडीत पाडला गेल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्याचे आदेश दिले. तो वर्षाचे ३६५ दिवस आणि चोवीस तास उघडा हवा, असेही बजावले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच माप उचलले: लाख वस्तीमागे किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, स्वयंपाकाची जागा व गॅसजोडणी, सामानासाठी कुलपाचे कप्पे, जवळच्या अंगणवाडीशी सांगड. या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाच्या वाट्याला २०० चौरस फूट येतात. मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यामुळे कागदावर तरी तक्रारीला जागा नाही! प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एकच मोठा हॉल असतो आणि दोरीवर टाकलेली चादर ही घराघरांमधली भिंत. मुंबईच्या २०११ च्या १.२४ कोटी लोकसंख्येला सुमारे १२५ निवारे लागतात. शहर त्याच्या जवळपासही पोहोचले नाही, आणि पोहोचले असते तरी जागा १२,५०० जणांचीच झाली असती. निधी असूनही राज्ये निवारे बांधत नाहीत, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली होती.

कुटुंबे निवाऱ्यात यायला का कचरतात, याचे उत्तर मुंबईच्या फुटपाथवर मिळते. १९८१ मध्ये राज्य सरकारने पदपथवासीयांना उठवून शहराबाहेर पाठवायचे ठरवले. त्यावर झालेल्या ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच मोडतो, हे मान्य केले. माणसे कामाजवळ राहता यावे म्हणून फुटपाथवर राहतात, हेही मान्य केले. हटवण्याला मात्र मनाई केली नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबा एवढेच सांगितले. आजही निवारा कामापासून दोन बस पलीकडे असेल, तर नाक्यावरचा रोज बुडतो आणि फुटपाथवरची जागाही दुसरा अडवतो. अनेक निवाऱ्यांत बाईला मुलींसह एकीकडे आणि बापाला मोठ्या मुलग्यासह दुसरीकडे धाडतात. शिवाय १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याची धास्ती असतेच: पहिल्याच दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची त्यात तरतूद आहे. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी कुटुंबाला सरकारी गाडी दिसली की ती निवाऱ्याची की चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाची, हे विचारायला कोण थांबेल?

ओल्गा टेलिस निकालाच्याच वर्षी, १९८५ मध्ये, स्पार्क या संस्थेने भायखळा भागातल्या सुमारे ६,००० पदपथवासी कुटुंबांची गणना केली आणि पुढे तिथल्या बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. रोजची किरकोळ बचत हा तिचा पाया. खोली केवढी हवी हे ठरवताना या बायकांनी साड्या धरून भिंतींचे माप घेतले. वर पोटमाळा निघावा म्हणून छत १४ फुटांवर मागितले. यातली काही कुटुंबे पुढे मानखुर्दला पक्क्या घरांत गेली. त्यांना निवाऱ्याने नव्हे, बचतगटाने आणि वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनी घर मिळवून दिले. कुटुंब निवाऱ्याचे यश मोजताना आजही भरलेल्या खाटा मोजल्या जातात. बाहेर पडून खोलीत गेलेली कुटुंबे मोजायला हवीत.

चांगल्या निवाऱ्यात काळजीवाहकाचा बराच वेळ कागद जमवण्यात जातो. निवाऱ्याचा पत्ता हा कुटुंबाचा पहिला पत्ता. त्यावर आधार, बँक खाते, रेशनकार्ड मागता येते. शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून शाळा मुलाला नाकारू शकत नाही, पण हे मुख्याध्यापकांसमोर कुणीतरी जाऊन सांगावे लागते. मतदार नोंदणीत निवडणूक आयोगाने मोठी सोय ठेवली आहे: बेघर अर्जदाराने दिलेल्या ठिकाणी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री जातो, आणि माणूस खरोखर तिथे झोपलेला दिसला तर निवासाचा पुरावा मागत नाही.

घरयोजनांत अशी सोय नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात पदपथावरची झोपडी धरली जाते, पण ठरावीक तारखेआधीच्या झोपडीचा पुरावा लागतो. पालिकेच्या गाडीने दर महिन्याला ज्याची ताडपत्री उचलून नेली, त्याने फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र, कुठून आणायचा? प्रधानमंत्री आवास योजनेतून मालकीचे घर हवे तर स्वतःची जमीन लागते किंवा हप्ते भरण्याची ऐपत. उरते भाड्याची खोली, आणि तिथे भाड्यापेक्षा डिपॉझिट आडवे येते. फिनलंडने २००८ नंतर निवारेच मोडून भाडेकरारावरची घरे केली. हेलसिंकीतल्या २५० खाटांच्या एका निवाऱ्यात ८१ सदनिका झाल्या. तिथले बेघर बहुतांशी एकटे होते आणि सरकारकडे सामाजिक घरांचा साठा होता, म्हणून ती तुलना इथे फार ताणता येत नाही. निवाऱ्यात असतानाच कुटुंबाची बचत सुरू करून देणे आणि पहिल्या डिपॉझिटला हातभार लावणे एवढे तरी स्थानिक संस्थांच्या आवाक्यातले आहे. सरकारी निवारा योजनेत त्यासाठी वेगळा निधी कधीच नव्हता.