स्वस्त सुरी, हट्टी बर

सुरीला धार लावायला शिकायचं असेल, तर घरातली चांगली सुरी बाजूला ठेवा आणि कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून एक साधी भाजीची सुरी आणा. बिघडली तरी हळहळ नको, हे एक कारण झालं. पण माझ्या मते खरं कारण तिच्या पोलादात आहे.

स्टेनलेस म्हणवून घ्यायला पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम लागतं. ते स्वस्त सुरीतही असतं, कार्बन मात्र बेताचाच. त्यामुळे पाणी देऊनही, म्हणजे तापवून झटकन थंड करूनही, पातं फार कडक होत नाही. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर अशी पाती साधारण 50 ते 55च्या घरात राहतात, तर चांगल्या जपानी सुऱ्या 60च्या पुढे जातात. मऊ पोलादाची धार झिजण्याआधीच मुडपते. म्हणून ती लवकर बोथट होते आणि दगडावर लवकर परतही येते.

दगड हार्डवेअरच्या दुकानातला, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक असलेला पुरे. बहुतेकदा तो कार्बोरंडमचा असतो, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा. अमेरिकेतल्या एडवर्ड अ‍ॅचेसनला 1891 मध्ये कृत्रिम हिरा बनवायचा होता. हिरा हुकला, हे हाती लागलं. कडक केलेल्या पोलादापेक्षा हे कण कितीतरी कठीण असतात.

प्रत्येक बाजूला 20 अंशांचा कोन धरा. पातं 20 मिलिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून सुमारे 7 मिलिमीटर वर हवी. दहा रुपयांची चार नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी उंची होते. धारेलगत मार्करने रेघ ओढा आणि दोन-चार हात मारून बघा. शाई फक्त वरच्या अंगाला गेली तर पाठ खाली पडलीय, फक्त धारेच्या काठाशी गेली तर फार उचललीय.

आता मुख्य गोष्ट. एकच बाजू घासत राहिलं की धारेचं टोक इतकं पातळ होतं, की ते कापलं जाण्याऐवजी पलीकडे वळतं. हा वळलेला काठ म्हणजे बर. उद्यमनगरातल्या लेथवाल्याला तो काय असतो ते सांगावं लागत नाही! डोळ्याला तो सहसा दिसत नाही, पण अंगठा पाठीकडून धारेकडे अलगद आडवा नेला की कातडीला अडतो. धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवायचं नाही. मुठीपासून टोकापर्यंत बर लागला, तरच ती बाजू झाली. मग दुसरी.

मऊ पोलादावर बर पटकन येतो, मोठा येतो, म्हणून नवशिक्याला तो सापडतो. पण तुटता तुटत नाही. घासला की या अंगावरून त्या अंगाला लोळतो. तसाच राहिला तर सुरी पहिला टोमॅटो झकास कापते आणि दहाव्याला अडखळते, कारण धार म्हणून जे काम करत होतं तो बरच होता. स्वस्त सुरीवरचा बर काढता आला, की कडक पोलाद फार छळत नाही.

फिरत्या कोरड्या चाकावर हे शिकू नये. पातळ धार क्षणात तापते, आणि निळी झाली तर तिथला कडकपणा गेलाच म्हणून समजा.

बर काढायला बारीक बाजूवर अगदी हलका हात ठेवून, दर वेळी बाजू बदलत घासा. मग कातडं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, घट्ट आणि करकरीत असतं, या कामाला उत्तम. कारागिराकडून एक तुकडा मागून आणा, फळीवर चिकटवा आणि त्यावर बफिंगचं हिरवं मेण चोळा. त्यातली क्रोमियम ऑक्साइडची पूड उरलासुरला बर झिजवते. पातं पाठीच्या दिशेने ओढायचं, उलटं ढकललं तर कातडंच सोललं जातं.